पाण्याला कळू नये

सर्जेकोट जेटीच्या बर्फ फॅक्टरीवर
बस्त्यावची खोली. तिथे जमलो चौघं, ट्रेलर बघायला.
खाली मशीन लाद्या फोडत होतं,
भिंतीवरचं कॅलेंडर थरथरत होतं त्या हादऱ्याने.

पाचवा भाग येतोय.
आधीच्या चार भागांत आमचा माणूस
दहा वाक्यंही बोलला नसेल.
आम्हीही त्याचं नाव घेत नसू,
जुन्या बायका नवऱ्याचं घेत नसत तसं.
‘तो’ म्हटलं की पुरायचं.

तो दिसला. छपरावर, भर पुनवेच्या उजेडात,
जिथे उभं राहायला त्यानेच आम्हाला
चौदा वर्षं मनाई केलेली.
दोन्ही हातांत बंदुका.
आणि बोलला.
काहीतरी फुशारकीचं बोलून त्याने उडी मारली
आणि खालची अख्खी बंदरपेठ पेटली.

बस्त्यावने थांबवलं.
लवू कुबल पडद्याजवळ गेला, चष्मा वर केला.
‘कंदील विझवायचं बटण खंय गेला रे?’
त्या जागी आता आकडा होता. बेचाळीस.
मेलेले.

मला दुसऱ्या भागातला कोठार आठवला.
धान्याच्या पोत्यांमागे मी पाऊण तास बसलो होतो,
आई दोनदा जेवायला हाक मारून गेली.
पहारेकरी येरझाऱ्या घालत स्वतःशीच पुटपुटायचा:
मुलीचा ताप उतरत नाही,
वैद्याने सांगितलेलं मूळ मिळत नाही.
त्याची पाठ माझ्याकडे होती. सुरी माझ्या हातात होती.
मी नाही मारलं.
खिडकीतून गेलो, लांबून, गुडघ्यांवर,
आणि पुढचे तीन दिवस शाळेत
त्या मुलीचा ताप माझ्या डोक्यात.

बेचाळिसांपैकी कुणाच्या घरी काय होतं,
ते ऐकायला मधे वेळच नाही.

बाबलमामा कुर्ल्यांना न्यायचा मला खाडीत,
अवसेच्या आसपास. पुनवेच्या कुर्ल्या पोकळ, म्हणायचा,
चांदण्यात मिरवतात नि मांस घालवतात.
बॅटरी विझवून चिखलात उभं करायचा.
‘पाय टाकलंस तां पाण्याक कळूक नये.’
मला ते जमलं नाही कधीच.
जमलं ते थेट गेममध्ये,
पहिल्या भागात, दलदलीच्या पातळीवर.
मामाला दाखवलं तर म्हणाला,
‘बरां चलता मरे तुझो माणूस.’

खिडकीबाहेर, दूर, एलईडी लावलेल्या बोटी.
समुद्रावर जत्रा भरल्यासारखा उजेड.
मी तिकडे बघितलं तसा बस्त्याव म्हणाला,
‘आता उपमा देऊ नकोस हां.’
मी दिली नाही.

हर्षाली आडकर इतका वेळ गप्प होती.
मग म्हणाली, खरं सांगू?
मला कंटाळा यायचा रे.
तिसरा भाग मी पुरा केलाच नाही,
तुम्हाला खोटं सांगितलं.
माझा धाकटा भाऊ हे बघून टाळ्या पिटत होता सकाळी.
लोकांच्या पाठींकडे बघत बसायला
त्याला कोण सांगणार? तू?

कुणी काही बोललं नाही.
कंटाळा मलाही यायचा.
त्या पाऊण तासातला बराचसा कंटाळाच होता.
त्यात पोत्यांची वीण मोजली मी,
एका पोत्याला ठिगळ होतं,
कुणीतरी, कुठल्या तरी देशात, खुर्चीत बसून
ते ठिगळ काढलं होतं,
कुणी बघेल न बघेल.

निघताना कळलं, लवूने आगाऊ पैसे भरलेत.
मंगळवारीच. ट्रेलरच्याही आधी.
‘तो आसा ना त्यात,’ म्हणाला. मान खाली.
आम्ही त्याला शिव्या घातल्या पोटभर
आणि बस्त्यावने विचारलं, केवढ्याला पडला.

जिन्यातला दिवा गेलेला.
जेटीच्या वळणावर जाळ्यांच्या ढिगावर
फॅक्टरीचं कुत्रं झोपलेलं, अनोळखी पावलावर भुंकणारं.
मी चपला हातात घेतल्या.
टाच आधी नाही. आधी चवड्याची कड,
मग उरलेला पाय.

त्याने एक डोळा उघडला.
मला पुरतं बघितलं.
आणि कुणाला सांगितलं नाही.